मुडदूस औषधाला दाद देत नसेल तर फॉस्फरस तपासा, आणि पोराच्या डोक्याकडेही बघा

अंगणवाडीत वजन करायच्या दिवशी थोडा वेळ बसलं की एखादं तरी पोर दिसतंच, ज्याचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. शेजारची बाई आईला धीर देते, "चालायला लागलं की होतील सरळ." बहुतेकांचे होतातही. दोन वर्षांच्या आतल्या पोराचे पाय थोडे बाकदार असणं हा आजार नाही. काही पोरांना खरोखर मुडदूस असतो. ऊन मिळत नाही, कॅल्शियम कमी पडतं, हाडं कच्ची राहतात. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम योग्य मात्रेत दिलं की तोही बरा होतो.

पण क्वचित एखादं पोर असं निघतं की पुड्यांवर पुड्या झाल्या, कॅल्शियमच्या बाटल्या झाल्या, तरी पाय वाकतच चालले. उंची वाढत नाही. चाल बदकासारखी डुलती. अशा पोराचा आजार बऱ्याचदा उन्हाचा किंवा खाण्याचा नसतो. तो जन्मजात असतो, जनुकातला असतो, आणि एका हॉर्मोनच्या गडबडीतून झालेला असतो. त्याचं नाव एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया. डॉक्टर लोक थोडक्यात एक्सएलएच म्हणतात.

या आजारात सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं. घरच्यांचं तर असतंच, कधीकधी डॉक्टरांचंही. पण याच पोरांच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळून जाऊ शकतात, आणि आत वाढणाऱ्या मेंदूला जागा कमी पडू शकते. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. म्हणून हा लेख पायापासून सुरू होऊन डोक्यापर्यंत जाणार आहे.

कवटी एका हाडाची नसते

बाळाची कवटी मडक्यासारखी एकसंध असते असं वाटतं, पण ती अनेक हाडांच्या तुकड्यांची बनलेली असते. दोन तुकड्यांच्या मध्ये शिवण असते. एक शिवण भांग पाडतो त्या रेषेत, डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाते. एक आडवी, पोरी हेअरबँड लावतात त्या जागी. एक कपाळाच्या मधून वर जाणारी, आणि एक मागच्या बाजूला. पुढच्या तीन शिवणी जिथे भेटतात ती मऊ जागा म्हणजे टाळू.

बाळंतपणात डोकं बाहेर यावं म्हणून हे तुकडे एकमेकांवर सरकतात. पुढे मेंदू वाढतो तशी कवटीही या शिवणींच्या जागी वाढत जाते. पहिल्या वर्षातली ही वाढ थक्क करणारी असते. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. तीन महिन्यांत तो ४० च्या जवळ जातो, सहा महिन्यांत ४२-४३, आणि वर्षाला ४५-४६. म्हणजे एका वर्षात साधारण ११-१२ सेंटिमीटर वाढ. त्यापुढच्या अख्ख्या वर्षात मात्र दोनच सेंटिमीटर. मुलींचा घेर मुलांपेक्षा सेंटिमीटरभर कमी असतो, त्यात काळजीचं काही नाही.

कपाळावरची शिवण पहिल्या वर्षातच जुळते, ते बरोबरच आहे. टाळू बहुतेक बाळांची वर्ष ते दीड वर्षात भरते, काहींची थोडी आधी, काहींची दोन वर्षांपर्यंत. बाकीच्या मोठ्या शिवणी मात्र माणूस विशी-पंचविशीत जाईपर्यंत पूर्ण पक्क्या होत नाहीत. यातली एखादी शिवण लहानपणीच हाडाने बंद झाली तर त्याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टाळू भरणं वेगळं आणि शिवण बंद होणं वेगळं. "टाळू लवकर भरली" म्हणून घाबरून जाऊ नका, आणि "टाळू अजून मऊ आहे" म्हणून निर्धास्तही राहू नका. मुडदुसाच्या पोरात टाळू उशिरा भरते. तरीही त्याच पोराची भांगाची शिवण पुढे बंद होऊ शकते.

भांगाची शिवण बंद झाली की डोक्याला कानाच्या बाजूने रुंद होता येत नाही. मेंदूला तर वाढायचंच असतं. मग तो मोकळ्या बाजूंनी, म्हणजे पुढे आणि मागे जागा करतो. डोकं लांबट होतं, होडीसारखं. कपाळ पुढे येतं, मागची बाजू बाहेर निघते, कानांच्या वरची जागा चिंचोळी राहते. भांगाच्या रेषेवरून बोट फिरवलं तर काही पोरांत शेताच्या बांधासारखी हाडाची उंच रेघ हाताला लागते.

पाट फुटला तर पाणी कितीही सोडा

आता एक्सएलएच म्हणजे नेमकं काय ते बघू. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही.

हाड पक्कं व्हायला दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि फॉस्फेट. व्हिटॅमिन डी या दोन्ही गोष्टी आतड्यातून रक्तात घ्यायला मदत करतं. रक्तात फॉस्फेट जास्त झालं तर ते लघवीवाटे बाहेर टाकायचा हुकूम किडनीला द्यावा लागतो. हा हुकूम हाडांच्याच पेशी देतात, एका हॉर्मोनमार्फत. त्याचं नाव एफजीएफ २३. निरोगी माणसात हे हॉर्मोन गरजेपुरतंच तयार होतं.

एक्सएलएचमध्ये एक्स गुणसूत्रावरच्या फेक्स नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्यामुळे एफजीएफ २३ गरज नसताना भरमसाठ तयार होतं. किडनीला एकच हुकूम सारखा मिळत राहतो, फॉस्फेट बाहेर टाक. वर हेच हॉर्मोन शरीरातल्या व्हिटॅमिन डीला कामाच्या रूपात येऊ देत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. पाटाला भगदाड पडलंय आणि आपण वरून पाणी सोडतोय, अशी गत. शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणून नुसत्या व्हिटॅमिन डीच्या पुड्यांनी हा मुडदूस हटत नाही.

अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइट या डॉक्टरांनी १९३७ साली व्हिटॅमिन डीला दाद न देणाऱ्या मुडदुसाची नोंद केली. जबाबदार जनुक सापडलं १९९५ साली, आणि एफजीएफ २३ हे हॉर्मोन सापडलं २००० साली. आजार जुनाच आहे, त्याचं मूळ मात्र आत्ता आत्ता हाती आलंय.

आजार दुर्मिळ आहे. साधारण २०,००० जन्मांमागे एक. ज्या तालुक्यात वर्षाला ४,००० बाळं जन्मतात तिथे पाच वर्षांत एखादं. म्हणूनच तो ओळखायचा राहून जातो. गावच्या डॉक्टरने आयुष्यात एकही असा रुग्ण पाहिलेला नसेल तर त्यात त्याचा दोष नाही.

पाय कच्चे, मग डोकं पक्कं कसं?

हा प्रश्न कुणालाही पडेल. हाडात खनिज भरत नाही म्हणून पाय वाकतात, तर कवटीची शिवण उलट लवकर कशी जुळते? शिवण उघडी ठेवायची की बंद करायची, हे ठरवण्यात एफजीएफ घराण्यातल्या निरोप्यांचा आणि त्यांचे निरोप घेणाऱ्या पेशींचा मोठा हात असतो. या घराण्याच्या निरोपांत बिघाड असलेल्या इतर काही जन्मजात आजारांतही शिवणी लवकर बंद होतात. एक्सएलएचमध्ये एफजीएफ २३ वाढलेलं असतं. ते शिवणीवर थेट किती काम करतं आणि कमी फॉस्फेटचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा अभ्यास चालू आहे. साधा, खाण्यातला मुडदूस फार दिवस राहिला तरी कधीकधी शिवण बंद झालेली आढळते.

हे प्रमाण किरकोळ नाही. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक्सएलएच असलेल्या ४४ मुलांच्या डोक्याचे सीटी स्कॅन तपासले आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या ५९ टक्के मुलांची भांगाची शिवण थोडी किंवा पूर्ण जुळलेली निघाली. २५ टक्के मुलांत लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून मानेकडे उतरलेला होता. त्याला कियारी म्हणतात. आत जागा कमी पडली की मेंदू खाली सरकतो, असं ढोबळमानाने समजा. या सगळ्या मुलांना ऑपरेशन लागलं असा याचा अर्थ नाही. पण दर दोन मुलांत एकापेक्षा जास्त जणांच्या शिवणीत काहीतरी सापडत असेल, तर डोकं न बघता नुसते पाय बघून घरी पाठवणं बरोबर नाही.

आणखी एक अडचण. नेहमीच्या क्रॅनिओसिनोस्टोसिसमध्ये बाळ जन्मतःच लांबट डोक्याचं दिसतं, आजीच्याही लक्षात येतं. एक्सएलएचमध्ये शिवण बऱ्याचदा नंतर बंद होत जाते, अगदी दोन-चार वर्षांच्या वयात. तोवर डोक्याचा आकार बऱ्यापैकी ठरलेला असतो. त्यामुळे बाहेरून फारसं काही दिसत नाही आणि आत दाब मात्र वाढत राहतो.

घरी काय बघता येतं

शिवणकामाचा टेप घ्या. भुवयांच्या किंचित वरून आणि मागे डोकं सगळ्यात जास्त बाहेर आलेलं असतं तिथून फिरवा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा, तारखेसह लिहून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरे. वाढ अचानक थांबली किंवा फार वेगाने झाली तर डॉक्टरांना दाखवा. पण एकट्या टेपवर विसंबू नका. भांगाची शिवण बंद झालेल्या पोराचं डोकं लांबीने वाढतं, त्यामुळे घेर अगदी बरोबर भरतो किंवा थोडा जास्तही भरतो. म्हणून वरूनही बघा. पोराला मांडीत बसवून डोक्याच्या बरोबर वर मोबाईल धरून फोटो काढा. दर काही महिन्यांनी असा एक फोटो असला तर डॉक्टरांना हजार शब्दांपेक्षा जास्त कळतं.

मोठ्या पोराच्या बाबतीत तक्रारींकडे लक्ष द्या. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, मळमळ नसताना एकदम उलटी होणं, खोकताना किंवा जोर करताना मानेच्या मागे कळ येणं, नजर तिरकी होणं, फळ्यावरचं दिसेनासं होणं. शाळेतल्या बाईंनी "लक्ष देत नाही" अशी तक्रार केली, तर ओरडण्याआधी डोळे तपासून घ्या. मात्र काही पोरं कसलीच तक्रार करत नाहीत. डोक्यातला दाब हळूहळू वाढला तर पोराला त्याची सवय होऊन जाते. डोळ्याच्या मागच्या नसेवर सूज येते, आणि ती फक्त डोळ्याच्या डॉक्टरला दिसते. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा बघतात. थोडा वेळ धूसर दिसतं, एवढाच त्रास. एक्सएलएचच्या पोराचा पडदा तक्रार असो वा नसो, अधूनमधून तपासून घ्यायला हवा.

दातांचंही सांगायचं राहायला नको. या पोरांचे दात बाहेरून चांगले, न किडलेले दिसतात, तरी हिरडीला पू धरतो, फोड येतो. पाय वाकडे आणि किडीशिवाय दाताला पू, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर हा आजार डोक्यात यायला हवा.

आता आपल्याकडच्या समजुतींबद्दल. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवतात, टाळूला तेल भरतात, मालीशवाली हाताने डोक्याला आकार देते. एका कुशीवर निजून डोकं एका बाजूला चपटं झालं असेल तर ते पोर बसायला, फिरायला लागल्यावर आपोआप सुधारतं. तो शिवणीचा आजार नाही. जुळलेली शिवण मात्र कोणत्याही उशीने किंवा मालीशने उघडत नाही. आणि मालीश केल्यामुळे शिवण जुळली असंही होत नाही, त्यामुळे मालीशवालीशी भांडायचं कारण नाही. जोरात दाबू नका, एवढंच.

रिपोर्टमधली एक चूक सगळ्यांनी लक्षात ठेवावी

मुडदूस वाटला की रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासतात. अनेकदा कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी एवढंच लिहून दिलं जातं, फॉस्फरस राहून जातं. एक्सएलएचमध्ये कॅल्शियम नॉर्मल असतं. व्हिटॅमिन डीही ठीक असू शकतं. कमी असतं ते फॉस्फरस, आणि वाढलेलं असतं अल्कलाइन फॉस्फटेज. म्हणजे ज्या तपासणीत आजार सापडतो तीच झालेली नसते.

झालेली असली तरी एक खोच आहे. लहान पोरांच्या रक्तात फॉस्फरस मोठ्या माणसांपेक्षा जास्त असायला हवं. मोठ्यांत साधारण अडीच ते साडेचार हा आकडा नॉर्मल. पाच वर्षांच्या आतल्या पोरात तो चारच्या वर अपेक्षित असतो, आणि तान्ह्या बाळात त्याहूनही वर. काही लॅब रिपोर्टवर सगळ्यांसाठी एकच मोठ्या माणसांची मर्यादा छापतात. मग दोन वर्षांच्या पोराचं फॉस्फरस २.८ आलं तरी त्यापुढे नॉर्मल लिहिलं जातं, आणि आई-बाप निश्चिंत होतात. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, ही मर्यादा माझ्या पोराच्या वयाची आहे का?"

व्हिटॅमिन डी सुरू करून तीन महिने झाले, तरी एक्स-रे आणि रक्त सुधारलं नाही, तर तेच औषध पुढे ओढत बसू नका. मेडिकलमधून साठ हजार युनिटच्या पुड्या स्वतःच्या मनाने आणून देणं तर अजिबात नको. जास्त झालेलं व्हिटॅमिन डी शरीराबाहेर लवकर जात नाही. रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला इजा होते. पोराला बालरोगतज्ज्ञाकडून हॉर्मोनच्या, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीच्या, किंवा किडनीच्या डॉक्टरकडे पाठवायला सांगा. लघवीतून फॉस्फेट किती वाया जातंय ते ते मोजतात. आजार पक्का झाला की कवटीचा प्रश्न मुद्दाम विचारा. संशय आला तर सीटी किंवा एमआरआय करतात. सीटीत किरणं असतात, म्हणून तो गरजेपुरताच, सारखा नव्हे.

दोष कुणाच्या माथी मारू नका

पोरात व्यंग निघालं की आपल्याकडे पहिलं बोट सुनेकडे जातं. ग्रहणात चिरलं, अमुक खाल्लं, तमुक पाहिलं. या आजाराचा ग्रहणाशी काही संबंध नाही. बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बापाला आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुलींना तो जातो आणि एकाही मुलाला जात नाही, कारण मुलाला बापाकडून एक्स मिळतच नाही. आईला असेल तर प्रत्येक बाळाला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. आणि बऱ्याच पोरांच्या घरात आधी कुणालाच नसतो, बिघाड त्या पोरातच नव्याने झालेला असतो.

समजा, एका घरात बापाचे पाय लहानपणापासून वाकडे, उंची कमी. सगळे म्हणतात, "लहानपणी खाणं नव्हतं." त्याला दोन मुली, दोघींचे पाय वाकलेले, आणि मधला मुलगा सरळ. गावात चर्चा होते की मुलींकडे लक्ष देत नाहीत म्हणून असं झालं. खरं तर या घराची ठेवणच आजार सांगतेय. अशा घरात पुढचं बाळ जन्मलं, आणि मुलगी असली, तर पाय वाकायची वाट बघायची गरज नाही. पहिल्या काही महिन्यांतच रक्त तपासायचं. जन्मानंतर लगेच फॉस्फरस नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एकदा केलं आणि सोडलं असं करायचं नाही, तीन-चार महिन्यांत पुन्हा करायचं. उपचार जितके लवकर सुरू होतात तितके पाय आणि उंची चांगली राहते.

उपचार, आणि त्यातली जिकीर

नेहमीचा उपचार म्हणजे तोंडाने फॉस्फेट आणि त्याबरोबर व्हिटॅमिन डीचं कामाला तयार असलेलं रूप, कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल. फॉस्फेट पुडीत मिळतं किंवा जूली सोल्युशन नावाचं पातळ औषध बनवून घ्यावं लागतं. सगळ्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणावं लागू शकतं. चव वाईट, आणि एकदम जास्त दिलं तर जुलाब होतात. शिवाय ते रक्तात फार वेळ टिकत नाही, भगदाड तसंच असतं ना. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. शेतात जाणाऱ्या आईला हे किती जड जातं ते वेगळं सांगायला नको. घरातल्या आजी-आजोबांना, अंगणवाडी ताईंना वेळा समजावून ठेवल्या तरच निभतं. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर हे औषध देऊ नये, दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि औषध वाया जातं. एक डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट करू नये. दर काही महिन्यांनी रक्त, लघवी आणि अधूनमधून किडनीची सोनोग्राफी होते. कारण औषध जास्त झालं तर किडनीत कॅल्शियम साचतं.

नवीन उपचार म्हणजे बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन. ते थेट एफजीएफ २३ लाच पकडतं, म्हणजे भगदाड बुजवतं. २०१८ साली युरोप आणि अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. मुलांना दोन आठवड्यांनी एकदा कातडीखाली देतात. पाय आणि हाडांसाठी ते जुन्या औषधांपेक्षा सरस ठरलंय, पण किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे. आणि इंजेक्शन चालू आहे म्हणून कवटीची तपासणी बंद करता येत नाही.

शिवण जुळलेली सापडली म्हणजे लगेच चिरफाड असं नाही. दाब वाढलेला नसेल, पडदा स्वच्छ असेल, तर डॉक्टर ठरावीक काळाने बघत राहतात. दाब वाढला किंवा नजरेला धोका दिसला तर मेंदूचे सर्जन, बहुधा प्लास्टिक सर्जनच्या सोबतीने, ऑपरेशन करतात. कवटीची हाडं काढून, कापून, मोकळी जागा ठेवून पुन्हा बसवतात. मोठं ऑपरेशन आहे, रक्त चढवावं लागू शकतं, काही दिवस आयसीयूत ठेवतात. ऐकून अंगावर काटा येतो खरा. पण नजरेची नस एकदा सुकली की ती परत येत नाही, हेही वजनात धरायला हवं. ऑपरेशननंतरही औषध आणि तपासण्या चालूच राहतात.

थायरॉइडचंही एक सांगून ठेवतो

कवटीच्या शिवणीवर परिणाम करणारा हा एकच हॉर्मोनचा आजार नाही. थायरॉइडचं हॉर्मोन जन्मापासून जास्त असलेल्या बाळातही शिवणी लवकर बंद होतात, काही घराण्यांत हा बिघाड जनुकातून येतो. आणि उलट बाजूने, जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला गोळी सुरू असेल आणि मात्रा फार दिवस जास्त राहिली, तरी तेच होऊ शकतं. म्हणून गोळी बंद करायची नाही, ती मेंदूच्या वाढीसाठी लागतेच. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी रक्त तपासून मात्रा जुळवून घ्यायची, वर्षभर जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणायच्या नाहीत.

आणखी एका आजारात, हायपोफॉस्फेटेजियात, मुडदूस आणि बंद शिवण दोन्ही दिसतं. तिथे मात्र अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं नसून फार कमी असतं, आणि व्हिटॅमिन डी दिल्याने नुकसान होऊ शकतं. रिपोर्टमधला हा आकडा खाली आहे की वर, यावर पुढचा सगळा रस्ता बदलतो.

कुठे जायचं

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची गाडी येते. त्यांच्या तपासणीच्या यादीत मुडदूस आहे, कवटीची शिवण वेगळी लिहिलेली नाही. म्हणून पाय दाखवताना डोकंही दाखवा, दाताचंही सांगा. तिथून पोराला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवता येतं. पुढे मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजला. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे राष्ट्रीय धोरण आणलं, त्यात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेलं आहे. ऑपरेशन सांगितलं असेल तर ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

जाताना पोराचं लसीकरणाचं कार्ड, आतापर्यंतचे सगळे रक्ताचे रिपोर्ट, पायांचे एक्स-रे, डोक्याच्या मापाची वही आणि मोबाईलमधले फोटो न्या. कोणतं औषध किती दिवस दिलं, किती पुड्या झाल्या, ते आठवून लिहून ठेवा, रिकामी पाकिटं असतील तर तीही पिशवीत टाका. आणि आई-बापांपैकी ज्याचे पाय वाकडे असतील किंवा उंची कमी असेल, त्याने पोराबरोबर स्वतः जावं. डॉक्टर त्याचंही रक्त तपासतील.